कारखान्याच्या फाटकाबाहेरचे समाजकार्य

कंपनी सरकारच्या अमदानीत प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे प्रांतातील जमिनींच्या निव्वळ उत्पन्नाचा मोठा काटेकोर हिशेब मांडून 1830 च्या सुमारास जो धारा बसविला, तो इंदापूरच्या रयतेला इतका असह्य झाला की कित्येक कुटुंबे शेते टाकून परागंदा झाली. आणि 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांना त्याच तालुक्यापासून नव्याने पाहणी आरंभून, धारा उतरवून, तो 30 वर्षांसाठी कायम करावा लागला. पुढे 12 मे 1875 रोजी, आज बारामती तालुक्यात मोडणाऱ्या सुप्याच्या बाजारात रयत सावकारांवर चालून गेली, ती मुख्यत्वे कर्जरोखे व हुकूमनामे हस्तगत करण्यासाठी. दप्तरातला हिशेब चोख आणि माणूस मात्र दप्तराबाहेर, ही या मुलखाची जुनीच व्यथा असून, आज ती उसाच्या फडात दिसते.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला म्हणजे मराठवाड्यातून तोडणीच्या टोळ्या येतात आणि माळरानावर कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे ‘कोयता’ म्हणतात. या जोडीने टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामभर फेडायची असते. 1948 च्या कारखाने अधिनियमाने 500 वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची तरतूद केली आणि समाजकार्याच्या पदवीधरांना उद्योगक्षेत्रात मानाचे स्थान मिळाले. परंतु तो अधिकारी फाटकाच्या आतला! ज्या हातांनी तोडलेल्या उसावर गव्हाण चालते, ते हात मुकादमाच्या वहीत, कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हेत.

आता कल्पना करा, अशा एका कोपीत सातवा महिना लागलेली बाई आहे. पहाटे अंधारात ती फडावर जाते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. तिची नोंद गावाकडच्या अंगणवाडीत, शिधापत्रिका सासूपाशी आणि थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळीत बसलेली. तेथे थंडीत कोणी सज्जन घोंगड्या घेऊन येतात, छायाचित्र निघते, आणि मंडळी परततात. घोंगडी उबदार असते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या बाईला काय हवे, हे विचारायला कोणी थांबलेले नसते. प्रशिक्षित कार्यकर्त्याचे काम तेथून सुरू होते. तो मुकादम दूर गेल्यावर बोलतो, ऐकलेले चारचौघांत सांगत नाही, येथल्या आरोग्य उपकेंद्रात तिचे नाव घालतो, मुलीला जवळच्या शाळेत बसवितो. आणि तिने बाळंतपणास माहेरी जायचे ठरविले, तर उचलीचा तगादा तिच्या वाटेत येऊ नये म्हणून तिच्या बाजूने बोलतो. निर्णय तिचा, खटपट याची. फेलिक्स बिएस्टेक या जेझुइट धर्मगुरूने 1957 साली समाजकार्याची जी सात तत्त्वे ग्रंथबद्ध केली, त्यांतील गोपनीयता आणि स्वनिर्णय ही दोन तत्त्वे कोपीच्या दाराशीच कसाला लागतात, कारण तेथे दारच नसते.

या कामाला विद्या लागते, ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले, पुण्यात 1963 साली कर्वे समाज सेवा संस्था उभी राहिली. तरीही वैद्यास वा वकिलास असते तशी सर्व समाजकार्यकर्त्यांची वैधानिक परिषद देशात झाली नाही, आणि 2021 च्या आरोग्यसेवाविषयक कायद्याने सामावून घेतले ते केवळ वैद्यकीय व मनोचिकित्सा क्षेत्रातील कार्यकर्त्यांना. परिणामी चौकाचौकांतील फलकांवर समाजसेवकांची वाण नाही, आणि चुकीचा सल्ला देणाऱ्याला जाब विचारण्याची सोयही नाही.

जमीनधारकांसाठी संस्था उभारण्यात बारामती कधीच मागे नव्हती. 1971 साली अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कृषी विकास प्रतिष्ठानचा व्याप त्याची साक्ष देतो. भूमिहीन आणि तेही परजिल्ह्यातले, म्हणजे ज्यांचे मत येथे नाही, त्यांच्यासाठी तेवढी कल्पकता दिसत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

कारखान्यांनीच फडासाठी समाजकार्यकर्ते नेमावेत, असे सुचविले जाईल. सूचना अर्धीच बरोबर आहे. ज्याचा पगार कारखाना देतो, त्याला वजनकाट्याबद्दलची किंवा उचलीच्या हिशेबाबद्दलची तक्रार ऐकताना एक डोळा कार्यकारी संचालकांच्या दालनाकडे ठेवावा लागेल. आणि या व्यवसायात सेवा घेणाऱ्याशी असलेली निष्ठा वेतन देणाऱ्यापुढे झुकली की बाकीची तत्त्वे कागदावरच उरतात. म्हणून जागा व सवलत कारखान्याने द्यावी, वेतन मात्र गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने द्यावे, आणि साखर आयुक्तालयाने गाळपाचा परवाना देताना ही नेमणूक झाली की नाही, हे तपासावे. कारखान्यांचे सभासद असलेल्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालाच्या मंजुरीसाठी हात वर करण्यापूर्वी त्यांनी उठून विचारावे: तोडणीच्या टोळ्यांचा कल्याण अधिकारी कोण, आणि त्याचा पगार कोण देतो?