अब्रूचा कायदा आणि चांगला हेतु

गेल्या पावसाळ्यांत पालकांच्या मोबाईलवरील एका गटांत एक मजकूर फिरत होता. शाळेच्या वाटेवरील अमुक दुकानदार मुलांना मुदत उलटलेला खाऊ विकतो, सावध राहावें, असा त्याचा आशय होता. आम्हीं तो वाचला आणि, सांगावयास लाज वाटते, मुलांच्या हितासाठीं म्हणून आणखी दोघांस धाडला. चार दिवसांनीं कळलें कीं, मूळ हकीकत दुसऱ्याच गांवची होती. तोंवर त्या दुकानापुढील मुलांची गर्दी ओसरली होती. आमचा हेतु चांगला होता. पण कायद्याच्या दृष्टीनें तेवढें पुरे होतें काय?

दुसऱ्याची अब्रू जाईल असा आरोप बोलून, लिहून अथवा चित्रानें प्रसिद्ध करणें हा आपल्या देशांत फौजदारी गुन्हा आहे. १८६० च्या इंडियन पिनल कोडांत तो ४९९ व ५०० या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. गोष्ट खरी असली म्हणजे भय नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यांत ती बरोबर आहे. फौजदारींत मात्र गोष्ट खरी असून शिवाय ती प्रसिद्ध करणें लोकहिताचें होतें, असें दाखवावें लागतें. कांहीं अपवादांत सद्भावाचा आधार मिळतो. पण हा सद्भाव म्हणजे नुसता मनाचा निर्मळपणा नव्हे. योग्य ती काळजी न घेतां केलेली गोष्ट सद्भावानें केली असें म्हणतां येत नाहीं, अशी व्याख्या कायद्यानेंच केली आहे. आमची चूक नेमकी येथें होती. खात्री करून घेण्यास दुकानापर्यंत दोनशें पावलें चालावीं लागलीं असतीं. तीं आम्ही चाललों नाहीं.

याच ठिकाणीं टिळक व आगरकर यांच्यासारखे पुरुषही अडखळले. (दोघेही तेव्हां पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलांत शिक्षक होते, हें आमच्या पेशाच्या लोकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.) कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे, या समजुतीनें ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं संस्थानचे कारभारी रावबहादूर बर्वे यांच्यावर कडक टीका केली व बर्वे यांचीं म्हणून मिळालेलीं कांहीं पत्रें आधारास घेतलीं. पत्रें बनावट ठरलीं. १८८२ च्या जुलैंत दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली व मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. त्यांचा गौरव आपण करतों, तो योग्यच आहे. परंतु न लिहिलेलीं पत्रें ज्यांच्या नांवावर घातलीं गेलीं, त्या बर्व्यांची बाजू शाळेंत क्वचितच सांगितली जाते.

अमेरिकेंत हा कायदा राज्याराज्यांत निराळा आहे. कांहीं राज्यांत बदनामी अद्यापि गुन्हा आहे, अनेकांत केवळ दिवाणी बाब आहे. १९६० सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें छापलेल्या एका जाहिरातींत बारीकसारीक चुका होत्या, तेवढ्यावरून अलाबामा राज्यांतील ज्यूरीनें सलिव्हन नांवाच्या अधिकाऱ्यास ५ लाख डॉलर देवविले. १९६४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. सरकारी अधिकाऱ्यास आपल्या कामावरील टीकेबद्दल भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा असल्याचें लिहिणारास ठाऊक होतें, किंवा खऱ्याखोट्याची त्यानें पर्वाच केली नाहीं, असें सिद्ध केलें पाहिजे, हा नियम सर्व राज्यांस लागू झाला.

सत्ताधाऱ्यांवरील टीकेस असें मोकळेपण आपल्याकडेही असावें, असें आमचें मत आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं फौजदारी कलमें वैध ठरविलीं, हें आम्हांस ठाऊक आहे. तरी टीकाकारास तुरुंगाची धास्ती घालणें आम्हांस रुचत नाहीं. पण खाऊ विकणारा दुकानदार हा सत्ताधारी नव्हे. त्याच्यापाशीं ना वर्तमानपत्र, ना वकील. त्याची अब्रू हेंच त्याचें भांडवल. तें बुडविणारास हेतु चांगला होता म्हणून सोडून द्यावें, हें आम्हांस न्यायाचें दिसत नाहीं, मग तो बुडविणारा आम्हीच कां असेना.

आम्हीं दुकानावर जाऊन क्षमा मागितली. तो गृहस्थ रागावला नाहीं. “सर, ज्यांना पाठवलंत त्यांना सांगितलंत का?” एवढेंच त्यानें विचारलें. आम्हीं दोघांसही त्याच रात्रीं सांगितलें. त्यांपैकीं एकास, आपण तो मजकूर पुढें कोणाकोणास धाडला, हें आठवत नव्हतें.