आधी पाटी लावा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 24 जून 2022 रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. 1973 पासूनचे संरक्षण गेले आणि तिथले गर्भपातविरोधक जिंकले. जिंकून आता करायचे काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न मूर्तिजापुरात बसून परका वाटेल. पण तो परका नाही.

आपला 1971 चा गर्भपात कायदा शाबूत आहे. 2021 मध्ये तो काहीसा सैलही झाला. तरी 16 ऑक्टोबर 2023 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन लेकरांच्या एका आईला गर्भपाताची परवानगी नाकारली. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराने ती आधीच खचलेली होती. पण 26 आठवडे उलटले होते आणि गर्भ निरोगी होता. बाळंतपणाचा खर्च सरकारने करायचा, मूल दत्तक द्यायचे का ते आईबापांनी ठरवायचे, असे ठरले. बाळंतपण उरकते, पुढची वीस वर्षे कोणी काढायची?

1863 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पाय घसरलेल्या विधवेला तुरुंग दाखवणारे तेव्हाही पुष्कळ होते. फुल्यांनी मात्र गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हा, अशा पाट्या लावल्या आणि तिथल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. 1881 मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येसाठी फाशी सुनावली गेली, तेव्हा आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या. दोष सगळा बाईच्या पदरात, पुरुष नामानिराळा कसा, हा त्यांचा 1882 मधला सवाल अजून शिळा झालेला नाही.

म्हणून गर्भपाताला विरोध करणाऱ्यांनी बाईमागे पोलीस लावण्याचा नाद सोडावा. मुलगी नको म्हणून गर्भाचे लिंग तपासणे हा निराळा गुन्हा आहे आणि त्यासाठी निराळा कायदा आहे. त्याच्या धाकाने अडलेल्या बाईची वाट बंद करू नये. पगारदार बाईला 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. कापूस वेचणारी मजूर सातव्या महिन्यातही ओटी बांधून तासात उभी असते, कारण रोज बुडाला तर चूल बुडते. तिच्या बुडालेल्या मजुरीसाठी मोर्चा काढा. नको असलेले मूल बाल कल्याण समितीकडे सोपवता येते, आईवर गुन्हा दाखल होत नाही, फेरविचाराला 60 दिवस मिळतात. हे गावोगाव सांगा, म्हणजे अर्भक झुडपात सापडणार नाही. आणि दिवस जाण्याआधीच गर्भनिरोधकाची माहिती द्यायला लाजू नका.

आपल्या मूर्तिजापूर जंक्शनवरून अचलपूरला जाणारी 'शकुंतला' रेल्वे आता थांबली आहे. त्याच नावाच्या पुराणातल्या शकुंतलेला जन्मताच टाकले होते आणि पोटुशी असताना नवऱ्याने ओळख नाकारली होती. तिला वाढवले कण्व ऋषींनी. त्याच अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली अनाथ, दिव्यांग लेकरे वाढवली आणि त्यांच्या नावापुढे बाप म्हणून स्वतःचे नाव लावले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गर्भपात थांबवा, असे म्हणण्याचा अधिकार असा कमवावा लागतो.

ज्याला गर्भपात पाप वाटतो, त्याने आधी आपल्या दारावर पाटी लावावी. तीवर काय लिहायचे, ते 1863 मध्येच ठरले आहे.