गेजचा काटा वहीत उतरवा

विंधन विहिरीच्या जलभंजनाच्या, म्हणजे खडकात दाबाने पाणी सोडून भेगा उघडण्याच्या कामाच्या देयकासोबत एका वाचकाने दाबाच्या गेजच्या मिनिटवार नोंदी जोडल्या. ‘विहित नमुन्यात नाहीत’ असा शेरा मारून कार्यालयाने त्या परत केल्या. त्या वाचकाचे पत्र वाचून संताप आला. विहित नमुन्यात रकाने कोणते? पॅकरची (विवर बंद करणाऱ्या बुचाची) खोली, कमाल दाब, आधीची आवक, नंतरची आवक. शिवाय गावाच्या पाटीसह यंत्राचा फोटो. भेग कधी उघडली, कुठवर गेली, हे विचारणारा एकही रकाना नाही.

कमाल दाबाच्या एका आकड्यावरून खडकात काय घडले ते कळत नाही. काटा चढत जाऊन झटकन पडला, तर सांधा उघडला. पंप चालू असताना तो खालच्या दाबावर स्थिरावला, तर भेग पुढे सरकते आहे. काटा चढतच नसेल, तर आधीचाच मोकळा सांधा पाणी पितो आहे किंवा पॅकर नीट बसलेला नाही. केसिंगच्या तोंडाशी पाणी उसळले, की पॅकरकडेच पाहायचे. पंप बंद करून व्हॉल्व्ह मिटल्यावर दाब किती मिनिटांत उतरतो, ही नोंद तर सर्वांत मोलाची. ती कोण ठेवतो? घट्ट बेसॉल्ट जराही हलला नाही, तरी नमुन्यात दाबाचा आकडा भरघोसच दिसतो.

भेग कुठवर गेली, हेही मोजता येते. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला २००६ साली सुमारे ५ किलोमीटर खोल विवरात पाणी दाबले, तेव्हा भोवती भूकंपमापक बसवलेले होते. बारीक धक्क्यांच्या जागांवरून भेगांचा विस्तार कळत गेला. धक्के वाढू लागताच पाणी थांबवले. तरी ८ डिसेंबरला ३.४ तीव्रतेचा भूकंप झालाच. आपल्या ६० मीटरच्या विंधन विहिरीला असा सरंजाम कोणी मागत नाही. मोजपट्टी मात्र हवी. आसपासच्या दोन-तीन विहिरींची पातळी कामाआधी, काम चालू असताना आणि नंतर मोजा. दाब देताना पातळी हलली, तर त्या दिशेला जोड आहे. नाही हलली, तर लगेच निष्कर्ष काढू नका.

दोष एकट्या कार्यालयांचा नाही. ओळीने दहा विहिरींना एकच दाब लिहिणारे आपल्यातच आहेत. गाव वेगळे, खडक वेगळा, गेरूच्या थराची खोली वेगळी, आणि दाब तेवढा तोच? हा सरळ खोटेपणा आहे. त्यापायी उद्या पुन्हा त्याच विहिरीवर यंत्र येते आणि गावाचा टँकर काही सुटत नाही.

मित्रहो, नमुना बदलेल तेव्हा बदलेल. पुढच्याच कामाला गेजसमोर मोबाइल उभा करून चित्रण करा, संध्याकाळी काटा वहीत उतरवा. कार्यालय परत करील त्या नोंदी आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू. फसलेल्या विहिरींच्या आधी पाठवा.