दोन कंपन्या, एकच कागद

मार्च लागला की तळोज्यात १४ एप्रिलचं वारं सुटतं. वर्गणीची पावतीपुस्तकं, मंडपवाला, साउंडवाला, मिरवणुकीचा मार्ग, पोलीस ठाण्याची परवानगी. या धावपळीत आमच्या वस्तीतले दोन सख्खे भाऊ एका रात्री माझ्याकडे आले. बाप एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. थोरला गाणी लिहितो आणि चाल बांधतो, धाकट्याचा गळा वरच्या पट्टीतला. दोघं मिळून गातात तेव्हा कोण कुठे थांबला आणि कुणी उचललं हे कळत नाही. गेल्या जयंतीला त्यांचं एक जोडगीत कुणीतरी मोबाईलवर टिपलं आणि ते पनवेलपासून कल्याणपर्यंत फिरलं.

थोरल्यानं पिशवीतून दोन कागद काढले. "दादा, दोन कंपन्या मागे लागल्यात. एक अकरा हजार देते, दुसरी पंधरा. कुणाचं घ्यावं?"

दोन्ही कागद इंग्रजीत होते. मी वाचले. पैशाचा आकडा आणि कंपनीचं नाव सोडलं तर दोन्हींमध्ये काडीचा फरक नव्हता. गीत, चाल, आवाज आणि चित्रीकरण यांचे सगळे हक्क कायमचे, साऱ्या विश्वात (पृथ्वी पुरत नाही यांना), आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या प्रत्येक माध्यमासाठी कंपनीचे. तीन वर्षं दोघांपैकी कुणीही दुसऱ्यासाठी गायचं नाही. आणि दोघांच्या जोडीला लोकांनी दिलेलं नावसुद्धा कंपनीचं.

मित्रांनो, या लेखाचं कारण हे दोन कागद आहेत. पण प्रश्न तळोज्याच्या दोन पोरांपुरता नाही. आपल्या चळवळीच्या गाण्याचा मालक कोण, हा प्रश्न आपण चाळीस वर्षं टाळत आलो आहोत.

महाराष्ट्रात "गाणारी भावंडं" म्हटलं की वर्तमानपत्रांना एकच घराणं आठवतं, मंगेशकर. लता आणि आशा एकत्र गायल्या, तर त्याच्या आठवणी पुरवण्यांत वर्षानुवर्षं निघतात. त्याच महाराष्ट्रात कल्याणच्या आनंद आणि मिलिंद शिंदे या भावांनी वस्तीवस्तीत आणि लग्नाच्या मांडवापासून चैत्यभूमीच्या रस्त्यापर्यंत जो आवाज पोचवला, त्याची नोंद घेताना याच पुरवण्यांच्या लेखण्या अडखळतात. मंगळवेढ्यात जन्मलेले प्रल्हाद शिंदे, त्यांची मुलं आनंद, मिलिंद, दिनकर, आणि पुढच्या पिढीत आदर्श, उत्कर्ष, हर्षद. तीन पिढ्या गाणारं दुसरं किती घराणी या राज्यात आहेत ते मोजून दाखवा. (हिंदीतही एक आनंद-मिलिंद आहेत. तेही सख्खे भाऊ, चित्रगुप्त यांचे मुलगे, 'कयामत से कयामत तक'चे संगीतकार. आमच्या आनंद-मिलिंदना शोधायला गेलं की आधी तेच समोर येतात, हाही एक अनुभव.)

पण प्रस्थापितांच्या दुर्लक्षावर मी आज रडणार नाही. ते आपण पुष्कळ केलं. आज आपल्याच अंगणात बघू.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हा गाण्याचा धंदा मुळापासून बदलला. त्याआधी तबकडीचा जमाना होता आणि तबकडी म्हणजे एचएमव्ही. तिथपर्यंत पोचायला ओळख लागायची, मुंबईतल्या स्टुडिओचा दरवाजा उघडावा लागायचा. कॅसेटनं तो दरवाजा मोडला. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या घरातले गुलशन कुमार टी-सीरिज घेऊन उतरले आणि कॅसेट इतकी स्वस्त केली की हमाल, रिक्षावाला, गिरणीतला बदली कामगारही ती घेऊ लागला. पाठोपाठ व्हीनस, टिप्स. यातल्या बहुतेक कंपन्यासुद्धा भावाभावांच्याच. टिप्सचे तौरानी बंधू, व्हीनसचे जैन बंधू. म्हणजे माईकपुढेही भाऊ आणि गल्ल्यावरही भाऊ, फरक एवढाच की कागद गल्ल्यावरच्या भावांनी लिहिला.

या कंपन्यांची आपसातली भांडणं आठवतात? एचएमव्हीची जुनी गाणी दुसऱ्या गळ्यातून गाऊन घ्यायची आणि स्वस्तात विकायची, ही टी-सीरिजची रीत. त्यासाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका कलमाचा आधार घेतला गेला. 'हम आपके हैं कौन'च्या गाण्यांवरून तर ग्रामोफोन कंपनी आणि सुपर कॅसेट्स १९९५ साली दिल्ली उच्च न्यायालयात समोरासमोर उभ्या होत्या. भांडण कशाचं? कॅसेटवरचं नाव आणि वेष्टन पाहून गिऱ्हाईक फसेल की नाही याचं. गाणाऱ्याला काय मिळालं, हा मुद्दा त्या भांडणात नव्हताच.

आपल्याला मात्र ही स्पर्धा आपल्या भल्याची वाटली. कंपन्या जास्त म्हणजे भीमगीतं जास्त, असा आपला साधा हिशोब. तो एका बाजूनं खराही होता. जे गाणं एका रात्रीच्या सामन्यात जन्मायचं आणि पहाटे मंडपाबरोबर उतरायचं, ते कॅसेटमुळे घरोघर पोचलं. शाहिराच्या एका जलशाला बाबासाहेबांनी आपल्या दहा भाषणांची बरोबरी दिली, असं आपण अभिमानानं सांगतो. कॅसेटनं तो जलसा लाखो घरांत नेला. हे नाकारणारा मी नाही. पण कंपन्यांच्या दिनदर्शिकेत १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर हे हंगाम होते, जसे आषाढी आणि गणपती हे हंगाम. माल तयार करायचा, हंगामात विकायचा. त्याच गळ्यातून विठ्ठल, त्याच गळ्यातून भीमराव.

इथे थोडं थांबतो, कारण यावरून आपल्या लोकांत फार कडू बोललं गेलं आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाचा गायक विठ्ठल-गणपती कसा गातो, असं विचारत शिंदे घराण्याला झोडपणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. तरुणपणी त्यांच्यात मीही होतो. प्रश्न चुकीचा नाही. पण विचारणाऱ्यांना मी आता उलट विचारतो, आपल्या जयंती मंडळांनी गायकाला काय बिदागी दिली? डॉल्बीवाल्याला आगाऊ रक्कम आणि गायकाला शाल, नारळ, "समाजाचं काम आहे, समजून घ्या". वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली, उभं आयुष्य एसटीच्या बाकड्यावर आणि कार्यकर्त्यांच्या ओसरीवर काढलं, २००४ साली गेले. त्यांची गाणी विकून घरं कुणाची उभी राहिली? दादांची तर नाहीच. ज्याला आपण पोसलं नाही त्याच्या गळ्यावर प्रतिज्ञांचा हक्क सांगायचा आणि कंपनीला एक शब्द विचारायचा नाही, याला मी निष्ठा म्हणत नाही.

आता कायद्याकडे येऊ. आपण संविधानाची पोरं, कायदा वाचायला घाबरायचं कारण नाही.

गायकाला त्याच्या गायनावर कायद्यानं काही हक्क आहे, हे आपल्या देशात १९९४ च्या दुरुस्तीनं पहिल्यांदा मान्य झालं. म्हणजे कॅसेटच्या भरभराटीची सगळी वर्षं गायकाच्या हातात कायद्याचा कागदच नव्हता. मानधन घ्या आणि घरी जा. लता मंगेशकरांनी साठच्या दशकात रॉयल्टीचा आग्रह धरला, त्यावरून मोहम्मद रफींशी मतभेद झाला, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफींचं म्हणणं होतं, पैसे घेतले की आपला संबंध संपला. माणूस म्हणून मला रफी कितीही प्रिय असले तरी या वादात लताबाईंचं बरोबर होतं. त्यांना तो आग्रह परवडला, कारण त्यांच्या जागी बसवायला दुसरा आवाज नव्हता. वस्तीतल्या पोराच्या जागी मात्र दुसऱ्या वस्तीतला पोर दारात उभाच असतो, आणि कंपनीला ते पक्कं ठाऊक असतं.

२०१२ साली कायदा पुन्हा बदलला. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. आता गीतकार आणि संगीतकारानं हक्क लिहून दिला तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याच्याकडेच राहतो. तो विकतो म्हटलं तरी विकता येत नाही. गायकालाही व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा हक्क आहे आणि आपलं नाव लावून घेण्याचाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर त्या दोन कागदांत "कायमचे" आणि "साऱ्या विश्वात" हे शब्द ठासून भरले होते. वकील त्यांच्याकडे आहेत, आपल्याकडे फक्त उत्साह.

एक हिशोब मांडतो. बाबासाहेबांची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं १ जानेवारी २०१७ पासून कॉपीराइटमधून मोकळी झाली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, हा नियम. 'जातीचं निर्मूलन' तुम्ही छापा, मी छापतो, कुणाला विचारायची गरज नाही. पण १९८८ साली निघालेल्या भीमगीतांच्या कॅसेटचं ध्वनिमुद्रण २०४८ संपेपर्यंत कंपनीचं. वामनदादांचे शब्द २०६४ अखेरपर्यंत कॉपीराइटमध्ये. बाबासाहेबांचा ग्रंथ मोकळा, बाबासाहेबांवरचं गाणं कुलपात. जयंतीच्या मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण करा, मागे जुनं भीमगीत वाजलं की यूट्यूब आवाज बंद करतं किंवा जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळवतं. माझ्या मंडळाच्या बाबतीत हे दोनदा घडलं आहे. आणि त्या गाण्यांच्या चित्रफितीखाली बघा, कंपनीचं नाव ठळक, गायकाचं असतं, कवीचं कितीदा नसतंच. आमच्याच तळोज्याच्या तुरुंगात सप्टेंबर २०२० मध्ये अटक झालेल्या कबीर कला मंचाच्या सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना वर्षानुवर्षं कोंडलं गेलं, तेव्हा आपण रस्त्यावर आलो. यायलाच हवं होतं. कागदानं कोंडलेल्या गाण्यासाठी मात्र अजून एक निवेदनही निघालेलं नाही.

काही मित्र म्हणतात, उपाय सोपा आहे, कंपनी आपल्या माणसाची हवी. मला हे अर्धंच पटतं. अमेरिकेत १९५९ साली बेरी गॉर्डी या काळ्या माणसानं डेट्रॉइटमध्ये मोटाऊन काढली. काळ्यांची कंपनी, काळ्यांचं संगीत. तिथे जॅक्सन फाइव्ह हे पाच सख्खे भाऊ गायले, मायकल त्यांतला लहानगा. १९७५ साली त्यांनी जास्त हक्कांसाठी एपिक ही दुसरी कंपनी धरली. तेव्हा कळलं की "जॅक्सन फाइव्ह" हे नाव मोटाऊनचं आहे. स्वतःच्या आडनावाचं नाव मागे टाकून ते "द जॅक्सन्स" झाले. आणि जर्मेन हा भाऊ गॉर्डींचा जावई, तो मोटाऊनमध्येच राहिला. भावांची फळी कंपन्यांच्या ओढाताणीत फुटली, मालक आपल्या रंगाचा असूनही. जवळचं उदाहरण हवं असेल तर तमिळनाडूचा आंबेडकरी गायक-कवी अरिवू. २०२१ साली 'एन्जॉय एन्जामी' जगभर गाजलं, कलावंतांच्या हक्कांसाठीच उघडलेल्या म्हणवणाऱ्या कंपनीकडून. २०२४ साली त्याच गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर सांगितलं की त्यातून एक पैसा हाती आलेला नाही.

तेव्हा मालकाची जात-रंग बघून भागत नाही, कागद बघावा लागतो. प्रत्येक जयंती मंडळात हिशोबनीस असतो, तसा कागद वाचणारा एक वकील असू द्या. लिहिणाऱ्या-चाल लावणाऱ्या पोरांना आयपीआरएसचं सभासद करा, गाणाऱ्यांना गायकांच्या संस्थेचं. मिरवणुकीत गाणं वाजवताना कवीचं नाव माईकवरून घ्या, त्याला तर पैसेही पडत नाहीत. आणि डॉल्बीच्या रकमेतला दहावा हिस्सा दरवर्षी गायकाच्या रेकॉर्डिंगसाठी काढा. गाणं पोरांच्याच नावावरच्या चॅनेलवर जाऊ द्या. यावर मंडळांत भांडणं होतील, माहीत आहे. आमच्याकडे झालीच. "डॉल्बी लहान झाला तर शेजारची मिरवणूक आपल्याला दाबेल" असं एक जण भर बैठकीत म्हणाला, आणि त्याला टाळ्या पडल्या.

त्या दोघा भावांना मी कायद्यातली कलमं मराठीत लिहून दिली. त्यांनी दोन्ही कंपन्यांना तीन बदल सुचवले: मुदत पाच वर्षं, रॉयल्टीचा वाटा कागदावर, जोडीचं नाव आमचं. पंधरा हजारवाल्यांनी त्यानंतर फोन उचललेला नाही. अकरा हजारवाले म्हणाले, पाच वर्षांचं बघू, पण नाव सोडणार नाही. आणि मग थोरल्याला बाजूला घेऊन विचारलं, तू एकटा सही करशील का? धाकट्याऐवजी आमच्याकडे दुसरा गळा आहे.

थोरल्यानं हे धाकट्याला अजून सांगितलेलं नाही, मला सांगितलं. त्याच्या परवानगीनं लिहितो आहे. आज रात्री दोघांची तालीम आहे, पंचनंदनगरला, आठ वाजता.

जय भीम.