कोन कुणाचा?

खतखतं करायचं ठरलं की आमच्या घरात पहिलं भांडण व्हायचं ते भाज्यांच्या संख्येवरून. आईच्या मते पाच भाज्यांचं खतखतं म्हणजे पाहुण्याचा अपमान. सात चालतील, नऊ झाल्या तर उत्तम. आज तिरफळं मिळतात, सोलां मिळतात, नारळ तर घरचाच. पण कंद म्हणाल तर बाजारात सुरण आणि रताळी, फार झालं तर माडी. मागच्या थंडीत मी बाजारात कोन आणि काटेकणगां विचारली, तर विकणाऱ्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चांदीचे रुपये मोडून मागतो आहे. शेजारची म्हातारी मात्र हसली आणि म्हणाली, "ते आता घाटावर."

घाटावर म्हणजे कुठे, हे मला ठाऊक होतं. मोलेहून अनमोड घाट चढून रामनगरला गेलं की जोयडा तालुका लागतो. गोव्याची मंडळी हल्ली तिकडे जातात ती काळी नदीत राफ्टिंग करायला आणि रिसॉर्टात चिकन भाजायला. त्यांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल दिसतं. त्या जंगलात कुणबी माणसं राहतात, आपल्या काणकोण-सांगेतल्यासारखंच बोलतात, तशीच नावं ठेवतात, तसेच देव पुजतात. या तालुक्याचं जुनं नाव सुपा. सुपा गाव ऐंशीच्या दशकात धरणाखाली गेलं आणि नाव तेवढं धरणाला उरलं. सीमावादात महाराष्ट्राने कारवार, हळियाळ यांच्याबरोबर हा सुपाही मागितला होता. भाषेची डोकी दोन्ही बाजूंनी पुष्कळ मोजली गेली, परड्यातले कंद कुणी मोजले नाहीत. असो.

जोयड्यात दर थंडीत कंदांचा मेळा भरतो. गेली दहाएक वर्षं तिथला कुणबी समाज तो भरवतो, कन्नडमध्ये त्याला गड्डे-गेणसु मेळा म्हणतात. मी गेलो तेव्हा मंडपात शिरल्याबरोबर उकडलेल्या कंदांचा वास आला आणि आईची आठवण झाली. सुरण होते, करांदे होते, काटेकणगां होती. कोन तर असे, की एकेक उचलायला दोन हात लागावेत. आणि मुडली! अळवाच्या कुळातली ही मुडली जोयड्याची खास. मांडीएवढा लांबलचक कंद, उकडला की मऊ, पिठूळ. इकडची माडी तिच्यापुढे अगदी धाकटी बहीण वाटते.

ही पिकं समजून घ्यायची तर तिथलं हवामान पाहायला हवं. कॅसलरॉक याच तालुक्यात, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लोक एवढंच सांगून थांबतात. पण तो सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. डिसेंबर ते मे जांभा तापतो, उतारावरची माती भाजलेल्या विटेसारखी होते आणि विहीर नसलेल्या परड्यात एक थेंब मिळत नाही. भाजीपाला तिथे तग धरत नाही. कोनाने यावर आपली युक्ती काढली आहे. पावसात वेल झाडावर चढतो, पानं जी काही कमाई करतात ती सगळी खाली जमिनीत पाठवतो, आणि पाऊस सरला की पिवळा पडून वाळून जातो. वर काहीच दिसत नाही. कंद खाली झोपलेला असतो, थेट वळवाच्या पावसापर्यंत. उन्हाळ्याशी तो झुंज देत नाही, उन्हाळा झोपेतच काढतो.

हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. मेळ्यात एका आजीने मला कोनाचा देठाकडचा तुकडा दिला. मी तो घरी आणून मार्चमध्येच मोठ्या कौतुकाने पुरला आणि रोज संध्याकाळी नळाने पाणी घातलं. आमच्या सोसायटीच्या बागेला घालतात तसं. मे महिन्यात उकरून पाहिलं तर काळा चिखल! पुढच्या थंडीत आजीला शरमेने सांगितलं, तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "न्हिदिल्ल्याक कित्याक जेवण वाडटा रे पुता?" झोपलेल्याला जेवण कशाला वाढायचं! तुकड्याला राख फासायची, सावलीत कोरडा ठेवायचा, पाऊस तोंडावर आला की झाडाच्या बुंध्याशी पाचोळा आणि शेण घालून पुरायचा. बाकीचं झाड आणि पाऊस बघून घेतात.

आता मुद्द्यावर येतो. गावठी वाणांविषयी आपल्याकडे हल्ली बरंच बोललं जातं, आणि चांगलं आहे. राहीबाई पोपेरेंना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 2023 हे जगभर भरडधान्यांचं वर्ष झालं. आपल्या खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. (ती मिरची मुळात पोर्तुगिजांबरोबर आली, रताळंही परदेशीच. तेव्हा 'गावठी' याचा अर्थ मी एवढाच घेतो, की आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं.) पण बियाणं जपायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतो तो डबा. मातीचं मडकं, काचेची बरणी, नाहीतर 2008 साली नॉर्वेच्या बर्फात उघडलेलं ते स्वालबार्डचं बीभांडार. कोन त्या डब्यात राहत नाही. त्याला बी धरतं ते क्वचितच. तो कंदाच्या तुकड्यानेच पुढे जातो आणि तुकडा एका वर्षापेक्षा जास्त थांबत नाही. तिरुअनंतपुरमला 1963 पासून कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. पण तिथेही शेतात लावून किंवा प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनानेच वाणं जगवावी लागतात. म्हणजे मुडलीची बरणी नसते, मुडली लावणारा माणूस असतो. तो एक पावसाळा चुकला की त्याच्या घरचं वाण गेलं.

आणि या माणसाचं काय चाललं आहे? दांडेली अभयारण्य 1956 चं, अणशी राष्ट्रीय उद्यान 1987 चं. 2007 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, 2015 मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. गाभ्यातल्या कुटुंबांनी स्वेच्छेने बाहेर पडावं म्हणून केंद्राचं पॅकेज आहे, आधी दहा लाख होतं, 2021 मध्ये पंधरा लाख झालं. मी वाघाच्या विरोधात नाही. मुलांना शाळा आणि बाळंतिणीला दवाखाना हवा म्हणून जी कुटुंबं उठली, त्यांना दोष देणारा मी कोण? मी स्वतः दवाखान्यापासून दहा मिनिटांवर राहतो. पण त्या पंधरा लाखांत कुटुंब मोजलं जातं, परडं मोजलं जात नाही. रस्त्याकडेला चार गुंठ्यांत घर मिळालं तर कोन कुठल्या झाडावर चढवायचा?

राहणाऱ्यांची वेगळी तऱ्हा. 2006 च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा ताबा दाखवला की पुरतं. इतरांना तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना 2003 मध्ये जमातीचा दर्जा मिळाला. घाट चढलात की तोच कुणबी, कदाचित सख्ख्या मामाचा मुलगा, कर्नाटकाच्या यादीत नाही. मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. एका घाटाने माणूस आदिवासी असतो आणि नसतो, हे मला तरी कुणी समजावून सांगावं. नियमात ज्येष्ठांचं निवेदन पुरावा म्हणून चालतं, जुनी घरं, बांधबंदिस्ती चालते. मग मुडलीचे पिढीजात वाफे का चालू नयेत? जे पीक कुणीतरी दर वर्षी हाताने लावल्याशिवाय जगूच शकत नाही, त्याच्यापेक्षा वहिवाटीचा पक्का साक्षीदार कुठला?

माझं म्हणणं साधं आहे. स्थलांतर करायचंच असेल तर कुटुंबाबरोबर त्याचे बेण्याचे कंद आणि ते लावण्यापुरती झाडांची जमीन, हा पॅकेजचाच भाग असावा. आणि राहणाऱ्यांना हक्काचा कागद मिळावा. मेळ्यातल्या बक्षिसांनी आणि आमच्यासारख्यांच्या लेखांनी वाण टिकत नाही. हा प्रश्न लांबचाही नाही. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसरात व्याघ्रप्रकल्प जाहीर करायला सांगितलं, तेव्हापासून सत्तरी-सांगेत वाद पेटला. वाघ की माणूस, एवढंच दोन्हीकडून ऐकू आलं. तिथल्या परसांत अजून काय काय लावलं जातं, याची यादी तरी करून ठेवली आहे का कुणी?

आजीने मला दुसऱ्यांदा तुकडा दिला, तो मात्र मी सांगितल्याप्रमाणे लावला. शेजाऱ्याच्या आंब्याच्या बुंध्याशी, त्याची परवानगी काढून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोंब आला, चतुर्थीपर्यंत वेल दुसऱ्या फांदीला टेकला. परवा उकरला, सव्वादोन किलो भरला. खतखत्यात सहावी भाजी म्हणून थोडा घातला, मुलांनी बटाटा समजून खाल्ला. देठाकडचे दोन तुकडे राख लावून माळ्यावर ठेवले आहेत. त्यातला एक पुढच्या आठवड्यात घाटावर पाठवायचा आहे. आजीचं परडं यंदा रानडुकरांनी उकरलं, तिच्याकडे बेणं राहिलेलं नाही.