नदी ओलांडा, अडवू नका

1856च्या एप्रिलमध्ये रॉक आयलंडच्या पुलावरून मिसिसिपी ओलांडणारी पहिली आगगाडी गेली. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, 6 मे रोजी ‘एफी आफ्टन’ ही आगबोट या पुलावर आदळून पेटली आणि पुलाचा एक गाळाही जळाला. बोटमालकाने भरपाईचा दावा ठोकला. नदी वाहतुकीला खुली असताना तिच्यात खांब रोवण्याचा अधिकार रेल्वेला दिला कोणी? पूल कंपनीचे वकील होते अब्राहम लिंकन. नदीतून ये-जा करणाऱ्याचा हक्क जेवढा, तेवढाच ती ओलांडणाऱ्याचा, असा युक्तिवाद त्यांनी केला. अकरा महिन्यांत पुलावरून 12,586 मालडबे आणि 74,179 उतारू गेले होते. नदी मात्र आदल्या वर्षी जवळपास चार महिने वाहतुकीला बंद होती. ज्युरीचे एकमत झाले नाही.

लिंकन यांचा मुद्दा आम्हाला मान्य आहे. मात्र त्या हक्काला अटी हव्यात, आणि अमेरिकेने त्या पुढे कायद्यातच घातल्या. 1899च्या कायद्याने अशा पुलांचे आराखडे सरकारकडून आधी मंजूर करून घेणे सक्तीचे केले. 1906च्या कायद्याने, अडथळा ठरलेला पूल बदलण्याचा खर्च मालकावर टाकला.

आपल्या रेल्वे कायद्याचे, 1989चे, कलम 11 पाहा. इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी रेल्वेला नद्या-ओढ्यांवर पूल बांधता येतो, त्यासाठी प्रवाहही वळवता येतो. 2016 साली संसदेने गोव्यातील मांडवी, जुवारी या नद्यांना राष्ट्रीय जलमार्ग ठरवले. कलम 11 मात्र जागचे हलले नाही. ठेंगण्या पुलाचा जाच बार्जवाल्यांना विचारा. भरलेल्या बार्जला तळाशी पाणी हवे म्हणून भरती लागते. रिकामी बार्ज उंच तरंगते, तिला डोक्यावर जागा हवी म्हणून ओहोटीची वाट पाहावी लागते. एकदा बांधलेला पूल पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. उघडणारा पूल मात्र बांधता येतो: तमिळनाडूतील पांबनचा 1914चा रेल्वेपूल बोटींसाठी उघडत असे. 2025मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा गाळा 17 मीटर वर उचलला जातो. म्हणजे रेल्वेला हे जमते.

जलमार्गावरील पुलाची उंची आणि गाळ्याची रुंदी निविदेपूर्वी अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने ठरवावी, त्यासाठीचा जादा खर्च रेल्वेने सोसावा आणि ही अट कलम 11 मध्येच लिहावी. संसदेने ही दुरुस्ती तातडीने हाती घ्यावी.