तारामासा? मासा कुठला!

तारामासा मासा नाही, हे प्राणिशास्त्रवाल्या मैत्रिणी दरवेळी ऐकवतात. तरी शब्द काही आपण बदलत नाही. शास्त्रज्ञांचं बघा. न्यूझीलंडजवळ, हजार मीटरहून खोल बुडालेल्या लाकडांवर झायलोप्लॅक्स मिळाला. नखाएवढी चकती, बाहू नाहीत, नलिकापाद कडेने गोल! तारामासा ज्यांत मोडतो त्या कंटकचर्मी प्राण्यांचे हयात वर्ग पाच. १९८६ मध्ये याच्यासाठी थेट सहावा काढला. पुढे जनुकं ताडून पाहिली, तर स्वारी ताऱ्यांच्याच कुळातली, व्हेलाटिडा गणात बसणारी. मग अख्खा वर्ग मोडीत निघाला. काहीजण याला धरसोड म्हणतात. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. त्यांनी वर्ग सोडला, आपल्याला एक शब्द सुटू नये? निदान या अंकापासून ‘समुद्रतारा’ लिहूया ना!